आईचा पेला आणि आणखी पाच

भिंगरीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. जेवतानासुद्धा त्याचं अर्धं अंग उठलेलं असायचं, आणि चहा तो दारात उभा राहून, एक पाय बाहेर टाकूनच प्यायचा. शाळेत एका मास्तरांनी वैतागून ‘याच्या पायाला भिंगरी लागलीय’ म्हटलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता डोक्यावर पांढरे केस दिसायला लागले तरी अख्खी गल्ली त्याला भिंगरीच म्हणते. बायको तेवढी ‘अहो’ म्हणते, पण तिच्या त्या ‘अहो’तही भिंगरी ऐकू येते.

फक्त ऐरणीपुढे हा माणूस बसायचा. हातात हातोडी आली की पाय गप्प. काम वडिलांनी शिकवलेलं. वडील पितळेची भांडी घडवायचे आणि त्यांचा हात नावाजलेला होता. मुलाने केलेलं भांडं ते हातात घेऊन उलटसुलट बघायचे, खाली ठेवायचे आणि म्हणायचे, ‘ठीक.’ त्यापुढे एक शब्द त्यांनी कधी खर्च केला नाही. मग एक दिवस ‘ठीक’ म्हणायलाही ते उरले नाहीत, आणि भिंगरी बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या दुकानाला जोडला गेला.

दाजींचं दुकान राजवाड्याच्या उतारावर. शहर जुनं, किल्ला जुना, मनोरा जुना, त्यामुळे बसेस भरभरून माणसं बघायला येतात. दिवसभर जुनं बघितलं की माणसाला काहीतरी जुनं विकत घ्यावंसं वाटतं. पण जुनं उरलंय कुठे? ज्यांच्या घरी होतं त्यांच्या आजोबांनीच ते विकून खाल्लं. तेव्हा ही गरज भिंगरीनेच भागवायची. दुकानामागच्या खोलीत तो पत्र्यातून नवं भांडं ठोकून काढायचा आणि मग त्याच भांड्याला म्हातारं करायचा. त्यांच्या भाषेत याला ‘वय चढवणं’ म्हणत. ओली माती, मीठ, व्हिनेगर आणि वर धूर. जिथे बोटं लागली असती तिथे चामड्याने घासायचं, जिथे ओठ लागले असते तिथे काठ झिजवायचा. पोचा पाडायचा तर आधी विचार करायचा, की हे भांडं कुठून पडलं असेल आणि कुणाच्या हातून. दाजी पडद्याआडून ओरडायचे, ‘याला शंभर पुरे, त्या तबकाला दीडशे चढव.’

हे कुणी केलं, असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलंच तर दाजी उसासा टाकून सांगायचे, ‘आता कुठे राहिलेत असे कारागीर!’ त्या वेळी कारागीर पडद्यामागे कानस घासत असायचा. सुरुवातीला त्याला याचं हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं. आपण चांगलं काम केलं की ते दुसऱ्याच्या नावावर जातं आणि वाईट केलं तरच आपलं म्हणून ओळखू येतं, असला हा धंदा, असं तो एकदा बायकोजवळ बोलला होता. ती म्हणाली, आधी बसून जेवा.

आता त्या दिवसाकडे येऊ.

भिंगरीच्या आईचं वय झालेलं. डोकं अधूनमधून कामावर यायचं, एरवी रजेवर. लेक कोण, सून कोण, हे तिला दिवसातून तीनदा नव्याने सांगावं लागायचं. पण एक पितळी पेला होता, कानाचा, नवऱ्याने लग्नानंतर तिच्यासाठी घडवलेला. बुडाशी त्यांच्या खुणेची तीन टिंबं. कमरेला एक पोचा, भिंगरीनेच लहानपणी जिन्यावरून टाकला होता म्हणून आलेला. आई पाणी प्यायची ती त्यातूनच. काचेचा ग्लास पुढे केला की म्हणायची, हा आपल्या घरातला नाही, ज्याचा त्याला देऊन टाका. आणि तोंड फिरवायची.

त्या पेल्याचा कान निखळला. भिंगरी म्हणाला, संध्याकाळपर्यंत झाळून आणतो. नेला दुकानात. कान झाळायचा तर आधी भांडं तेजाबात बुडवून लख्ख करावं लागतं, ते त्याने केलं. तेवढ्यात दाजींची नजर पेल्यावर पडली. काय घाट आहे, म्हणाले, असे पाच काढ. भिंगरीलाही सुरसुरी आली. वडिलांच्या हातचं काम पुढ्यात ठेवून आपण तसंच्या तसं काढू शकतो का, हे त्याला बघायचंच होतं. चार दिवस तो त्यात बुडाला. तोच घाट, तेच ठोके, तोच पोचा, तीच तीन टिंबं. घरून बायकोचे निरोप येत होते, आई पाणी घेत नाहीत, चमच्याने जेमतेम दोन घोट जातात. हा म्हणायचा, आणतोच आज.

आणि मग त्याने ते केलं, जे फक्त त्याच्या धंद्यातला माणूस करू शकतो. आईचा पेला तेजाबाने चकचकीत झाला होता. असा कोरा करकरीत नेला तर आई तो हातातही धरणार नाही. म्हणून खरा जुना पेला पुन्हा जुना करायला त्याने पाच नव्यांबरोबर एकाच मातीत पुरला आणि एकाच धुरात धरला. सकाळी सगळे पुसून फळीवर ठेवतोय तोच, डॉक्टर आणा असा घरून निरोप आला, आणि पेला तिथेच विसरून तो डॉक्टरांना घेऊन घरी पळाला.

डॉक्टरांनी आईची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. ते म्हणाले, दुपारपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर दवाखान्यात आणा, सुई लावावी लागेल. हे ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मागच्या खेपेला आईने सुया उपसून काढल्या होत्या, म्हणून तिचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. आठवडाभर ती ‘मी काय केलं, मला सोडा’ एवढंच म्हणत होती. ते ऐकलेल्या माणसाला झोप कशी लागायची? भिंगरी तसाच उलट पावली दुकानात गेला.

फळी रिकामी होती.

दाजी खुशीत होते. सकाळीच एक पांढरी बस आली होती, बायकांची. एका शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना नातवंडं झालेली, मिळून सहलीला निघालेल्या. त्यांनी पेले उचलले. एकूण एक! भिंगरीने विचारलं, सहाही? दाजी म्हणाले, सहाही, आणि मग तेच थांबले, कारण त्यांनी सांगितले होते पाच.

“सहावा आईचा होता,” भिंगरी म्हणाला.

दाजी मटकन स्टुलावर बसले. माणूस लबाड असला तरी वाईट नव्हता, सासूबाईंचं डोकं ठिकाणावर असताना त्यांच्या हातचं पुष्कळ जेवला होता. नवा ठोकून दे, असं त्यांच्या तोंडात आलं होतं, पण एका पेल्याला जवळजवळ अख्खा दिवस जातो हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी बसबरोबरच्या गाईडला फोन लावला. तो वाजत राहिला. गाईड एकदा राजवाड्यात बोलायला लागला की त्याला फोनच काय, तोफही ऐकू येत नाही. राजवाडा, मग किल्ला, आणि दुपारी बस पुढच्या गावाला जाणार, एवढी माहिती दाजींकडे होती. भिंगरी ती पुरती ऐकायला थांबला नाही.

राजवाडा दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पण शाळेच्या सहलीनंतर तो आत गेला नव्हता. दारावरचा पहारेकरी ओळखीचा. तरी म्हणाला, तिकीट काढ. आई आजारी आहे, सांगितलं. पहारेकरी म्हणाला, आत दवाखाना नाही. भिंगरी रांगेत उभा राहिला, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिला, आणि पुढच्या म्हातारबुवांनी खिशात सुटे शोधायला घेतले तेव्हा त्याला रडू यायचं बाकी होतं.

आत मोठमोठी दालनं. त्याने छताकडे पाहिलं नाही, तसबिरींकडे पाहिलं नाही, फक्त माणसांच्या पाठी पाहत सुटला. बायकांचा घोळका दिसला की पुढे जाऊन तोंडं बघायची आणि माफी मागून मागे यायचं. तिसऱ्या दालनाच्या तोंडाशी मात्र त्याचा घात झाला. दाराला पितळी पत्रा मढवलेला होता, त्यावर ठोकून काढलेल्या वेली. त्याचा हात आपोआप तिकडे गेला. उजवी फळी एका हातची होती, डावी दुसऱ्याच्या. डावीकडचा माणूस शिकाऊ असावा, पाकळीच्या टोकाला घाई करायचा. कोण असेल तो? त्याला कुणी काही बोललं असेल का? भिंगरी तिथे उभाच राहिला. रखवालदाराने हात लावू नका म्हणून हटकलं, तेव्हा तो भानावर आला आणि त्याला स्वतःची अशी चीड आली, की भर दालनात त्याने आपल्याच डोक्यात चापट मारली. इकडे आईची जीभ वाळलीय आणि हा वेली बघतोय!

बायका मागच्या दाराने केव्हाच किल्ल्याकडे गेल्या, असं रखवालदाराने सांगितलं.

स्कूटर चढाला धापा टाकायला लागली तशी तो तिला बोलायला लागला. आधी गोडीत, मग शिव्यांनी. मध्येच बायकोचा फोन आला. आई आता बोलत नाहीयेत, ती म्हणाली, नुसत्या दाराकडे बघतायत. आवाज रडवेला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. ही बाई रडायची थांबली की खरंच काहीतरी झालेलं असतं.

किल्ल्याच्या पायथ्याला स्कूटर टाकून तो पायऱ्या चढला. वर मनोऱ्यापाशी एक गाईड लाल झेंडी उंच धरून कुठल्याशा लढाईची गोष्ट सांगत होता आणि भोवती बायका उभ्या होत्या. भिंगरीने गर्दीत घुसून पेला घेतलाय का, पितळी पेला, असं विचारलं. त्या कुठल्याशा बँकेतल्या निघाल्या. त्यांनी काहीच घेतलं नव्हतं, कारण त्यांना अजून दुकान दाखवलंच नव्हतं. एकीने उलट विचारलं, की असा पेला कुठे मिळतो?

भिंगरी तटाला टेकला. घसा कोरडा पडला होता. समोर सगळं शहर पसरलेलं, जन्मभर ज्याच्या पोटात तो धावला ते. लोक याच नजाऱ्यासाठी लांबून येतात. त्याला त्यात दिसली फक्त एक पांढरी बस, खाली बाजाराच्या वेशीशी उभी. मघाशी तो तिच्याच शेजारून स्कूटर दामटत वर आला होता.

पायऱ्या उतरताना तो दोनदा पडला, आणि तशीच स्कूटर वेशीकडे दामटली. वेशीपाशी चपला, चादरी, लाकडी खेळणी यांची दुकानं एकाला एक चिकटून, आणि पिशव्यांनी वाकलेल्या बायका एकेक करून बसकडे येत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भिंगरी दारात आडवा उभा राहिला. उतारावरच्या दुकानातून पेला कुणी घेतला, असं त्याने विचारलं.

सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. त्याचं कारण दाजींच्या विकण्यात होतं. त्यांनी प्रत्येकीला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं होतं, की हा एकच आहे, राजघराण्यातला, तुम्हाला पारख आहे म्हणून देतोय, मैत्रिणींना दाखवू नका, उगाच हेवा वाटायचा. आणि त्या मूग गिळून बसल्या होत्या. भिंगरीने हात जोडले, आईचं सांगितलं. तेव्हा टोपी घातलेल्या एका बाईने हळूच पिशवीतून पेला काढला. ते बघून दुसरीने काढला. मग तिसरीने. बघता बघता उघड्या हातांवर सहा पेले आले आणि सगळ्या मैत्रिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागून कुणाला तरी खुदकन हसू फुटलं, पण ते जास्त टिकलं नाही.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाच मी केलेत, भिंगरी म्हणाला, गेल्या आठवड्यात. एक वडिलांनी केलेला. तो मला द्या, बाकीच्यांचं काय ते दुकानातले दाजी बघतील.

टोपीवाली म्हणाली, तुमचा कुठला तो घ्या ओळखून.

त्याने पहिला हातात घेतला. मग दुसरा. कानाचा जोड पाहिला, पण कान सगळेच आठवड्याभरातले. नखाने वाजवले, आवाज एकच. पोच्यावरून अंगठा फिरवला, काठ तपासला, तीन टिंबं पाहिली. पुन्हा पहिला घेतला. घामाने पितळ निसटायला लागलं. वडिलांचं काम आपल्याला डोळे मिटून ओळखू येतं अशी त्याची आयुष्यभर समजूत होती. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला.

“नाही ओळखू येत,” तो शेवटी म्हणाला. “सगळेच द्या. पाया पडतो.”

इथे मात्र गंमत झाली, म्हणजे ज्याला गंमत वाटायची त्याला वाटावी. एकसारखे सहा बघून ज्या बायका सगळेच खोटे म्हणून पेले फेकून द्यायला निघाल्या होत्या, त्यांच्या आता ध्यानात आलं, की त्यातला एक खरा आहे. आणि खरा आपलाच असला तर? बोटं मिटायला लागली. एक म्हणाली, त्या दुकानदारालाच येऊ दे, मग बघू. दुसरी म्हणाली, आईचं ऐकून वाईट वाटतं हो, पण माझाच तो आहे असं कुठे आहे? बोलता बोलता पेले पिशव्यांत गेलेसुद्धा. त्या काही दुष्ट नव्हत्या. रोज संध्याकाळी आपापल्या घरी त्याही कुणाला तरी पाणी देत असतील. पण भिंगरीला त्या क्षणी त्या सगळ्यांचा मनापासून राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा.

दारालगतच्या सीटवर एक जाडजूड बाई पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सकाळी दुकानात तेवढ्या उतरल्या होत्या, बाकी सगळं शहर त्यांनी खिडकीतूनच पाहिलं होतं. त्यांचा पेला अजून मांडीवरच होता.

“माझा घे,” त्या म्हणाल्या. “तो निघाला तर तुझ्या आईचं काम झालं. नाही निघाला तर मला तरी खोटा घेऊन काय करायचंय? जा, पळ.”

त्यांचे आभार मानायचेसुद्धा राहून गेले. बस हलली तेव्हा तो स्कूटरला लाथा मारत होता.

घरी बायकोने आईची चादर, गाऊन, सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. ती काही विचारायच्या आत भिंगरी माठाशी गेला, पेला विसळला, भरला. आईच्या खोलीत तो एवढ्या घाईने शिरला, की निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

आई उशीला टेकून दाराकडे बघत होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. त्याने पेला तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर धरून ठेवली. तिने बोटं सोडवून घेतली. पेला डोळ्यांजवळ नेला, अंगठा कमरेवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. काठ ओठांना लावला आणि परत खाली घेतला.

“हा तो नव्हे,” आई म्हणाली.

दारातून बायको म्हणाली, आई, तोच आहे हो, बघा ना नीट. भिंगरीने तिला हाताने थांबवलं. त्याला खोटं बोलवेना. दिवसभर पळून त्याच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती. तो पलंगाच्या कडेला, आईच्या पायांशी बसला.

“नाही, आई. तो मी घालवला. दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत गेला.”

तिला किती कळलं, कोण जाणे. ती पेलाच बघत होती. उलटा करून बूड पाहायला गेली, तसं उरलेलं थोडं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“मग हा कुणी केला?”

राजवाड्याखालच्या त्या दुकानातून आजवर शेकड्यांनी भांडी गेली होती. हा प्रश्न पडद्यापलीकडे विचारला जायचा आणि पडद्यापलीकडेच त्याचं उत्तर दिलं जायचं. भिंगरीच्या तोंडावर तो कुणी विचारला नव्हता.

“मी केला, आई.”

“तू?” तिने त्याच्याकडे पाहिलं. लेक म्हणून ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण पाहिलं मात्र बराच वेळ. मग पेला त्याच्यापुढे धरला. “भर की मग. रिकामा काय देतोस?”

बायकोने धावत जाऊन तांब्या आणला. त्याने पेला भरला. आईने दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली, थांबत थांबत, मध्येच ठसका लागला तेवढा जाऊ देऊन पुन्हा, तळ दिसेपर्यंत. बायकोने दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

“काठ चांगला उतरलाय,” आई तोंड पुसत म्हणाली. “तुझे वडील आले की दाखव त्यांना. लपवून ठेवू नकोस.”

“दाखवतो,” भिंगरी म्हणाला, आणि त्याने पेला पुन्हा भरला.